विमा कायद्याचा जाड ग्रंथ, त्यातली चार पाने पीकविम्याची

तालुका न्यायालयात विम्याची म्हणून जी प्रकरणे येतात, ती बहुतेक दोनच प्रकारची असतात : नाकारलेला मृत्यूदावा आणि हाती न आलेला पीकविमा. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या बाररूमसाठी तिघा वकिलांनी वर्गणी काढून हा इंग्रजी संदर्भग्रंथ घेतला, तो याच दोन कामांसाठी.

आयुर्विम्याचा भाग वाचनीय आहे. परम सद्भावाचे तत्त्व (दोन्ही पक्षांनी महत्त्वाची कोणतीही गोष्ट न लपवण्याचे बंधन), प्रस्तावपत्रात (विम्याच्या अर्जात) आजार लपवल्याचा आक्षेप आणि तो सिद्ध करण्याची विमा कंपनीवरील जबाबदारी यांचे विवेचन निवाड्यांच्या आधारे नेटके केले असून, तळटीपा त्याच पानावर असल्याने युक्तिवादाच्या वेळी पाने चाळावी लागत नाहीत.

मात्र मुखपृष्ठावरील ‘सुधारित आवृत्ती’ या शब्दांवर विसंबू नये. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ४५ मधील मुदत, म्हणजे जी उलटल्यावर कंपनीला आयुर्विम्याच्या पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही ती, २०१५ च्या दुरुस्तीने दोनची तीन वर्षे झाली. ग्रंथात एका प्रकरणात तीन आणि पुढच्या एका प्रकरणात अजून दोनच वर्षे छापलेली आहेत. माझ्या अशिलाच्या पतीचा मृत्यू पॉलिसी घेतल्यावर सव्वादोन वर्षांनी झाला होता. जुन्या मजकुरावरून मी नोटीस लिहायला घेतली होती. मूळ अधिनियम उघडला नसता, तर कंपनीच्या वकिलाने पहिल्याच तारखेला मला गप्प केले असते. संदर्भासाठी छापलेल्या ग्रंथात मुद्रितशोधनाची ही ढिलाई क्षम्य नाही.

पीकविम्याला मिळालेली पाने अवघी चार. २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना आणि हप्त्याचे दर (खरिपाला २, रब्बीला १.५ आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत) सांगून लेखक मोटार विम्याकडे वळतो. वाद खरा तिथे नसतोच. भरपाई ठरते ती महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगांच्या (निवडक शेतांत पीक कापून केलेल्या मोजणीच्या) सरासरीवर. मंडळाचे उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या (भरपाईसाठी आधीच ठरवलेल्या किमान उत्पन्नाच्या) खाली गेले नाही, तर एखाद्याच्या शेतातले सोयाबीन पूर्ण गेले तरी उत्पन्नावर आधारित भरपाई त्याला मिळत नाही. हे नियम अधिनियमात नसून मार्गदर्शक सूचनांत आणि शासन निर्णयांत असतात, आणि ते हंगामागणिक बदलतात : २०२३ च्या खरिपात एका रुपयात मिळणारा सहभाग २०२५ मध्ये बंद झाला. प्रकाशकाने निदान दरवर्षी एक पुरवणी काढायला हवी होती.

सध्या त्या चार पानांत शासन निर्णयांच्या झेरॉक्स कोंबून आम्ही काम भागवतो. ग्रंथाची शिवण नेमकी तिथेच उसवली आहे.