‘लीड टू’, ‘रिझल्ट इन’ की ‘स्टेम फ्रॉम’?

इंग्रजी निबंधात किंवा अहवालात कारण मांडायचं असेल, तर शब्द निवडण्याआधी ठरवा: वाक्य कारणापासून सुरू करायचंय की परिणामापासून? निम्मी निवड तिथेच होते.

२६ जुलै २००५ चं उदाहरण घ्या. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत पूर आला. कारण आधी असेल तर ‘द रेन रिझल्टेड इन फ्लडिंग’. परिणाम आधी असेल तर ‘द फ्लडिंग रिझल्टेड फ्रॉम द रेन’. ‘इन’ आणि ‘फ्रॉम’ची अदलाबदल झाली, तर पुरामुळे पाऊस पडला असा अर्थ होतो! मराठीत ‘मुळे’ कारणालाच चिकटतं, त्यामुळे कारण वाक्यात कुठेही ठेवलं तरी ओळखू येतं. इंग्रजीतल्या या क्रियापदांना ती सोय नाही. आणि ‘वॉज रिझल्टेड इन’ कधीच लिहू नका.

‘रिझल्ट इन’ थेट परिणामाला शोभतं. पुरानंतर त्याच वर्षी मिठी नदीसाठी प्राधिकरण स्थापन झालं. मधे चर्चा झाल्या, निर्णय झाले. तिथे ‘लेड टू’ बरं. शंका असेल तेव्हा मी ‘लीड टू’च सुचवेन, कारण ते बहुतेक ठिकाणी चालतं. ‘टू’नंतर मात्र नाम किंवा ‘-इंग’ रूप हवं: ‘लेड टू लूजिंग’, ‘लेड टू लूज’ नव्हे.

‘कॉज’ बहुधा वाईट गोष्टींसोबत येतं: नुकसान, उशीर, आजार. सुधारणा किंवा बदल घडवून आणला असेल, तर ‘ब्रिंग अबाउट’ घ्या.

‘स्टेम फ्रॉम’ मुळाशी जातं. पुराचं तात्कालिक कारण पाऊस, पण मिठीच्या पात्रावरची अतिक्रमणं आणि तुंबलेले नाले वर्षानुवर्षांचे. म्हणून ‘द डिझास्टर स्टेम्ड फ्रॉम इयर्स ऑफ निग्लेक्ट’ हे वाक्य जास्त खरं बोलतं. कारणांवर निबंध लिहिणाऱ्याने हा एक प्रयोग तरी नक्की हाताशी ठेवावा. वाद, शंका, अडचणी यांना ‘अराइझ फ्रॉम’ जुळतं, भूतकाळात ‘अरोझ’.

माणसाचं मूळ सांगताना ‘आय कम फ्रॉम सातारा’. ‘आय ॲम कमिंग फ्रॉम सातारा’ म्हटलंत, तर ऐकणारा समजेल की तुम्ही अजून वाटेत आहात.