युरोपात सहा माणसं, सहा बॅगा: गाडी घ्यावी की ट्रेनने फिरावं?

दोन्ही करून झालंय म्हणून लिहितोय. २०१९ च्या मे महिन्यात म्युनिकला भाड्याची गाडी घेतली आणि साल्झबर्ग, इटलीतले डोलोमाइट्सचे डोंगर, व्हेरोना, थोडंसं टस्कनी करून परत म्युनिक, असे चौदा दिवस. मग २०२४ च्या मे मध्ये पॅरिस, स्वित्झर्लंडमधलं लाउटरब्रुनेन, फ्लोरेन्स, व्हेनिस, सगळं ट्रेनने. दोन्ही वेळी माणसं तीच, आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं, फक्त मुलं पाच वर्षांनी मोठी झालेली आणि आईचे गुडघे पाच वर्षांनी म्हातारे. व्हिसा, विमान, फॉरेक्स कार्ड हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो. आणि एक गोष्ट आधीच कबूल करतो, बाबा मध्य रेल्वेतून रिटायर झालेत, त्यामुळे पुढे कुठे "बाबा म्हणाले" असं आलं तर ते मत निःपक्षपाती समजू नका.

गाडीची बाजू आधी घेतो, कारण विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा गाडीच असते. घोडबंदर रोडला रोज गाडी चालवणाऱ्याला युरोप काय अवघड, असं मलाही वाटलं होतं आणि ते चूक नाही. उजव्या बाजूने चालवायची सवय दोन दिवसांत होते. पहिल्या दिवशी मी प्रत्येक वळणावर इंडिकेटरऐवजी वायपर लावत होतो, लख्ख उन्हात काच पुसत चाललोय आणि मागे मुलं खिदळतायत. आरटीओमधून इंटरनॅशनल परमिट हजार रुपयांत मिळतं, वर्षभर चालतं. लोक लेन पाळतात, हॉर्न वाजवत नाहीत, त्यामुळे चालवण्याचा त्रास असा काही नाही.

आणि गाडीचं खरं सुख थांबण्यात आहे. बवेरियात एका गावाबाहेर रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीची टपरी दिसली, टपरीचा आकारच मुळी स्ट्रॉबेरीचा, आई म्हणाली थांब, थांबलो. पाचगणीच्या पुढे मॅप्रोला थांबतो तसंच. अर्धा किलो घेतल्या, तिथेच गाडीला टेकून संपवल्या, हात कुठे पुसायचे म्हणून बाबांच्या रुमालाचा बळी गेला. डोलोमाइट्समध्ये तर गाडीला पर्यायच नाही असं त्या वेळी वाटलं होतं. गार्देना खिंडीकडे चढणारा घाट, एकामागून एक हेअरपिन, आणि दर दोन वळणांनी डोंगर वेगळाच दिसतो. तिथे बस जाते, नाही असं नाही, पण बसवाला तुमच्या आईसाठी पाच मिनिटं थांबत नाही.

आता डिक्की. सहा जण म्हणजे सात सीटर गाडी, असा आपला सरळ हिशोब असतो, माझाही होता. पण सात सीटरमध्ये मागची रांग उघडली की डिक्कीत दोन हँडबॅगा आणि एक छत्री एवढंच मावतं, हे बुकिंगच्या फोटोत कुठेच दिसत नाही. काउंटरवरच्या मुलीने आमच्या सहा बॅगांकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि न बोलता नऊ सीटर व्हॅनचा कागद पुढे सरकवला. नऊ सीटर आपल्या साध्या कारच्या लायसनवर चालते, ड्रायव्हर धरून नऊ माणसांपर्यंत परवानगी आहे. बॅगा आरामात बसल्या, आई आडवी झोपूही शकली. मी म्हटलं, बरंच झालं की.

बरं झालं नव्हतं, आणि का ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझा निकाल तिथेच लागला.

व्हॅनची उंची होती १.९७ मीटर. ड्रायव्हरच्या समोर छोटा स्टिकर होता, मी तो पाहिला होता आणि सोडून दिला होता, उंचीचं काय करायचंय. चौथ्या की पाचव्या दिवशी संध्याकाळी इटलीतल्या एका जुन्या शहरात पोचलो. तिथल्या जुन्या शहरांत मधल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते हे वाचून गेलो होतो, म्हणून हद्दीच्या अलीकडे जमिनीखालचं पार्किंग हेरून ठेवलं होतं. उतारावरून खाली गेलो, वळण घेतलं, आणि समोर साखळ्यांना टांगलेला पिवळा-काळा दांडा, त्यावर १,९० असं लिहिलेलं. तिकडे दशांशाच्या टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात, तेव्हा एक क्षण मला कळेचना की हे नक्की काय आहे. मागे तोवर तीन गाड्या. बाबा म्हणतात, "बसेल रे, हळू घे." बायको खाली उतरली, दांड्याकडे बघते, टपाकडे बघते आणि हाताने नाही नाही करते. मुलगी रडकुंडीला आलेली, तिला सू लागलेली. मागच्या तीन गाड्या एकेक करून उतारावर रिव्हर्स गेल्या, त्यातला एक जण काच खाली करून इटालियनमध्ये काहीतरी बोलला, भाषा कळली नाही तरी अर्थ कळला. मग मी रिव्हर्स. चढावर, वळणात, व्हॅन, आणि आरसे भिंतीपासून चार बोटांवर.

शेवटी घरच्यांना आणि बॅगांना हॉटेलच्या जवळच्या कोपऱ्यावर उतरवलं आणि मी एकटा शहराबाहेरच्या उघड्या पार्किंगवर गाडी लावायला गेलो. तिथलं मशिन माझं कार्ड घेईना, चिल्लर नव्हती, ती आणायला पेट्रोल पंप. मग बस. मी हॉटेलवर पोचलो तेव्हा पावणेदहा वाजले होते, घरच्यांचा चौकात एक फेरफटका, आइस्क्रीम सगळं होऊन गेलं होतं, आणि माझ्यासाठी इलेक्ट्रिक कुकरमध्ये मुगाची खिचडी ठेवली होती, गार.

एकदा झालं असतं तर किस्सा म्हणून सोडून दिलं असतं. पण हा शेवटचा तास रोजचा झाला. उंची चालली तर जागा अरुंद, जागा मिळाली तर हॉटेलपासून दीड किलोमीटर, आणि बाबा-आईला तेवढं चालवायचं नाही म्हणून पुन्हा उतरवा आणि परत जा. दुपारी तीन वाजल्यापासूनच माझ्या डोक्यात पार्किंग सुरू व्हायचं. एखादं सुंदर गाव आलं की मी आधी म्हणायचो, "लावणार कुठे?" बायकोने ते वाक्य अजून जपून ठेवलंय, इकडे लग्नाच्या हॉलला पोचलो तरी ऐकवते.

आणि दुसरं म्हणजे, बघण्यासाठी गेलो आणि ड्रायव्हरनेच काही पाहिलं नाही. ऑस्ट्रियाहून ब्रेनर खिंडीचा हायवे इटलीत उतरतो तिथे क्लाउजेन गावाच्या वर कड्यावर एक मठ आहे, सेबेनचा. घरी आल्यावर फोटोत बघितला, आणि विचारलं हे कुठलं. चौघांनी एकदम सांगितलं, अरे, आपण त्याच्या खालूनच गेलो की. मी त्या वेळी पुढच्या ट्रकचा मडफ्लॅप बघत होतो.

पैशाचं म्हणाल तर सहा जणांना गाडी स्वस्त पडते असं कागदावर दिसतं, आणि कदाचित पडतही असेल. पण ऑस्ट्रियाचा व्हिनियेट, म्हणजे हायवेचा पास, वेगळा, त्यात ब्रेनरचा टोल धरलेला नसतो तो वेगळा, इटलीत किलोमीटरप्रमाणे टोल, दीडशे सेंटीमीटरच्या आतल्या मुलांना सीट किंवा बूस्टर, त्याचं रोजचं भाडं, आणि पार्किंग, जे आम्हाला शहरात दिवसाला पंचवीस-तीस युरोच्या घरात गेलं. वर गाडी जिथून घेतली तिथेच परत द्यायची, कारण दुसऱ्या देशात सोडायचे पैसे ऐकूनच मी गप्प झालो. म्हणजे शेवटचे दोन दिवस आम्ही नुसते म्युनिककडे परत येत होतो. माझ्या मावसभावाला तर इटलीहून आल्यावर पाच महिन्यांनी दंडाची नोटीस आली, बंदीच्या भागात चुकून शिरल्याची, आणि ती पुढे पाठवल्याबद्दल गाडीवाल्यांनी त्याच्या कार्डावरून आधीच पैसे कापून घेतलेले.

तर २०२४ ला ट्रेन. आधी तिचे दोष सांगतो, नाहीतर म्हणाल हा बाबांचाच मुलगा.

बॅगा. ट्रेनमध्ये बॅग तुमची तुम्ही चढवायची, कधी तीन पायऱ्या, कधी सपाट, नशिबावर आहे. आम्ही घरी नियम केला की ज्याला आपली बॅग एका हाताने तीन पायऱ्या उचलता येणार नाही त्याची बॅग मोठी आहे. आईने निघायच्या आदल्या रात्री चिवड्याचं एक पाकीट काढलं आणि नंतर हळूच परत घातलं, असो. इटलीत प्लॅटफॉर्म नंबर बोर्डावर अगदी शेवटी येतो, तोवर सगळा गाव बोर्डाखाली मान वर करून उभा, आणि नंबर आला की धावपळ. एकदा त्या धावपळीत आम्ही पहिल्या डब्यात चढलो आणि आमच्या सीट आठव्यात. सात डबे, सहा बॅगा, अरुंद पॅसेज, "स्कुझी, स्कुझी" करत. बाबा वाटेत दोनदा रिकाम्या सीटवर बसले. पॅरिस-बाझेलसारख्या आणि इटलीच्या फास्ट गाड्यांची तिकिटं तीन-चार महिने आधी काढली तरच दर बरे मिळतात, आयत्या वेळी सहा तिकिटं घेतलीत तर पश्चात्ताप होईल. जर्मनीतून जाणार असाल तर बदलायच्या गाडीला भरपूर वेळ ठेवा, तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्या २०२४ साली शंभरातल्या साधारण बासष्टच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत.

हे सगळं खरं. तरी.

पॅरिसहून सकाळी निघालो, बाझेलला बदलली, इंटरलाकेनला बदलली, लाउटरब्रुनेनला उतरलो. टेबलाची सीट होती, त्यावर मेथीचे ठेपले, छुंदा, दाण्याची चटणी, मुलांचे पत्ते. मी खिडकीला बसलो होतो. एवढंच. मला कोणी रस्ता विचारत नव्हतं, मला कुठे पार्क करायचं नव्हतं, थुन तलावाच्या कडेने गाडी गेली ती मी पूर्ण पाहिली, अगदी बावळटासारखं काचेला नाक लावून. लाउटरब्रुनेनला स्टेशनातून बाहेर आलं की कड्यावरून पडणारा जवळजवळ तीनशे मीटरचा श्टाउबाखचा धबधबा समोरच दिसतो. आणि वरच्या वेंगेनला गाडीने जाताच येत नाही, गाडीवाले खाली पैसे भरून गाडी लावतात आणि आमच्याच ट्रेनमध्ये येऊन बसतात. त्यांच्याकडे बघून मला जरा आनंद झाला हे लपवत नाही.

स्वित्झर्लंडपुरता ट्रॅव्हल पास घेतला होता. पासवाल्या आई-बापांबरोबर सोळाच्या आतली मुलं फुकट, फॅमिली कार्ड तेवढं मागून घ्यायचं, त्यामुळे चार पासांत सहा जण, आणि त्यातच तलावातल्या बोटी आणि बसही. तिथे गाडी बदलायला सहा-सात मिनिटं दिलेली असतात, बघून पोटात गोळा येतो, पण आमची एकही चुकली नाही. बाबांचा एक किस्सा सांगतोच. श्पीत्सच्या प्लॅटफॉर्मवर ते घड्याळाला आपलं मनगटी घड्याळ लावत होते आणि एकदम म्हणाले, "हे बंद पडलं." लाल सेकंद काटा बारावर येऊन थांबला होता. मग क्षणभराने मिनिटकाटा टपकन पुढे पडला आणि लाल काटा परत चालू. मुलाने शोधून काढलं, तो काटा साडेअठ्ठावन्न सेकंदांतच फेरी मारतो आणि पुढच्या मिनिटाचा सिग्नल येईपर्यंत दीड सेकंद थांबतो. बाबांनी पुढची तीन मिनिटं तेच पाहिलं. समोरचा तलाव नाही, घड्याळ.

मिलानला बदलून फ्लोरेन्स, तिथून व्हेनिस. व्हेनिसला तर प्रश्नच मिटतो, सांता लुचिया स्टेशनच्या पायऱ्यांवर आलात की समोर ग्रँड कॅनाल, गाडीवाल्यांना शहराच्या तोंडाशी गाडी सोडून यावं लागतं. तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट बघा, मेस्त्रे म्हणजे पाण्याच्या अलीकडचं, तिथे उतरलात तर फसाल. परतीचं विमान व्हेनिसहूनच घेतलं होतं, त्यामुळे पॅरिसला परत जाण्यात एकही दिवस घालवला नाही.

म्हणजे गाडी वाईट असं मी म्हणणार नाही. शहरं कमी आणि डोंगर-खेडी जास्त असतील, चौघं असाल, दोघं आलटून पालटून चालवणारे असतील, तर गाडीची मजा वेगळी आहे, ती स्ट्रॉबेरीची टपरी ट्रेनच्या खिडकीतून नुसतीच मागे गेली असती. पुढच्या वेळी कदाचित मीही मधले दोन-तीन दिवस छोटी गाडी घेईन, शहराबाहेरच घ्यायची आणि शहरात शिरायच्या आधी देऊन टाकायची. पण मोठी माणसं बरोबर आणि यादीत चार मोठी शहरं, तर माझं आपलं मत ट्रेनकडे जातं, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

धाकटा मेहुणा यंदा जूनमध्ये नुसतं डोलोमाइट्स करतोय, चौघं, दोन ड्रायव्हर. त्याला मीच म्हटलं गाडी घे. फक्त घेतल्या घेतल्या तिची उंची कागदावर लिही आणि स्टिअरिंगला चिकटवून ठेव, स्वल्पविराम देऊन.