“पुढच्या वेळी बाबांना आणा”

नागपूरला धंतोलीतल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये जेनेटिक काउन्सेलिंगला, म्हणजे घराण्यात चालत येणाऱ्या आजारांबद्दलच्या सल्ल्याला, मी दोनदा जाऊन आले. झालं असं, एका लॅबच्या महिला आरोग्य पॅकेजमध्ये माझं सीए-१२५ आलं ५८. हे रक्तातलं एक प्रथिन, अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढू शकतं. पस्तिसाच्या आत हवं. त्यांनी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाकला नि मोकळे झाले. माझी आत्या ४६ व्या वर्षी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

इथल्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, रक्त दिलं तेव्हा पाळी सुरू होती का? होती. पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार), फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठी असल्या तरी हा आकडा चढतो म्हणे. सोनोग्राफीत अंडाशयावर दिसलेली गाठ साधी पाण्याची. अशा गाठी बहुतेकदा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. तेव्हा परत सोनोग्राफी.

मग वंशावळ काढायला त्यांनी कोरा कागद ओढला. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. मी मावश्या मोजत होते, डॉक्टर बाबांच्या चौकोनापाशी थांबल्या. बीआरसीए जनुकातला दोष (याने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) वडिलांकडूनही येतो, ज्याच्यात तो असेल त्याच्या प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता. बीआरसीए-१ मध्ये दोष असला तर आयुष्यभरात अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका ४० टक्क्यांच्या आसपास. वाढतं वय, एंडोमेट्रिओसिस, मूल न होणं, लठ्ठपणा यांनीही धोका वाढतो. बाळंतपण, अंगावर पाजणं, गर्भनिरोधक गोळ्या यांनी कमी होतो. बोलता बोलता त्यांनी आत्याच्या गोलात शाई भरली, शेजारी ४६ लिहिलं. आमच्या घरी आत्याचं नाव निघालं की विषय बदलतात. इथे तिची जागा कागदावर होती.

आत्या नाही, म्हणून जनुकाची तपासणी आधी बाबांची. दुसऱ्या खेपेला ते आले. पाचची वेळ, आत बोलावलं सव्वासहाला. बसायला चारच खुर्च्या, ही तक्रार आहेच. पण डॉक्टरांनी घाई केली नाही. “तुमच्या बहिणीला काय त्रास व्हायचा?” बाबा बराच वेळ गप्प. “पोट फुगायचं. दोन घासांत पुरे म्हणायची. आम्ही गॅसचं औषध देत राहिलो.” डॉक्टर म्हणाल्या, लक्षणं अशीच असतात, तुमची चूक नाही. हे वाक्य बाबांना इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

काउन्सेलिंगचे ८०० रुपये, तपासणीचे वेगळे आणि बरेच. आधी विचारून घ्या. बाबांचा रिपोर्ट यायचा आहे. गोल-चौकोनांचा तो कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवलाय.