पद्मिनीत ११८ एनईचं इंजिन आणि गिअरबॉक्स: काही महिन्यांच्या वापरानंतर (आणि शाफ्टच्या कोनाबद्दल बरंच काही)

गेल्या आठवड्यात माझ्या प्रीमियर पद्मिनीच्या प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा) मागचा क्रॉस (शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा) उघडला. टोपी निघाल्यावर आतून ग्रीसऐवजी विटकरी रंगाची कोरडी पूड पडली. क्रॉसच्या दांडीवर सुयांच्या बेअरिंगने एकाशेजारी एक बारीक चरे पाडले होते, नख फिरवलं तर अडकेल इतके खोल. हा क्रॉस नवा टाकून वर्षसुद्धा झालेलं नाही. इंजिन बदलायचं म्हटलं की सगळे पॉवर विचारतात, अॅव्हरेज विचारतात, आरटीओचं विचारतात. शाफ्टचा कोन कोणी विचारत नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितोय.

गाडी १९७८ ची, स्टिअरिंगवरचा गिअर, पुढे सलग सीट. मूळ १०८९ सीसी इंजिनने तेल प्यायला सुरुवात केली होती. बोअर करायचं, क्रँक ग्राइंड करायचा, पिस्टन नवे टाकायचे, म्हणजे खर्च होताच. त्यात चांगल्या प्रतीचे सुटे भाग मिळणं आता अवघड झालंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या आणि त्यांच्या जिवावर चालणारा सुट्या भागांचा बाजारही आटला. अशात एका भंगारात निघालेल्या ११८ एनईचं (प्रीमियरचीच नंतरची गाडी) इंजिन आणि गिअरबॉक्स कागदांसकट मिळाला. जुनं इंजिन नीट उभं करायला जेवढे लागले असते, त्याहून हे स्वस्त पडलं. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला.

इंजिन म्हणजे निसानचं ए-१२, ११७१ सीसी. सीसीतला फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण घडण वेगळी आहे. पद्मिनीच्या मूळ फियाट इंजिनचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिलिमीटर, याचा बोअर ७३ आणि स्ट्रोक ७०. आखूड स्ट्रोकमुळे हे मोकळेपणाने फिरतं. क्रँकला पाच मेन बेअरिंग आहेत, जुन्याला तीन. घाटात तिसऱ्या गिअरवर जुनं इंजिन जिथे घरघरायचं, तिथे हे शांतपणे ओढतं. आयडलिंगला बॉनेटवर हात ठेवला तर थरथर जवळपास लागत नाही.

गिअरबॉक्सने त्याहून जास्त सुख दिलं. पद्मिनीचा पहिला गिअर सिंक्रोमेशशिवाय (दातांचे वेग जुळवून देणाऱ्या रचनेशिवाय), त्यामुळे गाडी सरकत असताना पहिला टाकायचा म्हणजे दात खरवडल्याचा आवाज. रांगेत हळूहळू पुढे जाताना दर वेळी पूर्ण थांबायचं किंवा दुसऱ्यावर क्लच घासत राहायचं. आता रांगती गाडी सरळ पहिल्यात जाते. माझ्या आईने इतकी वर्षं ही गाडी चालवायला नकार दिला होता, तिने एका संध्याकाळी चालवून बघितली आणि आता बाजारात तीच नेते. फ्लोअर गिअरसाठी तळाच्या मधल्या उंचवट्याच्या (बोगद्याच्या) पत्र्याला एक भोक पाडावं लागलं. शेवटच्या एस-वन मॉडेलला कंपनीनेच फ्लोअर गिअर दिला होता, त्यामुळे मनाला फार लागलं नाही. चॅसीला मात्र कटर लावू दिला नाही. इंजिन ज्यांवर बसतं ते फाउंडेशनचे ब्रॅकेट सगळे बोल्टवर आहेत, उद्या जुनं इंजिन परत बसवता येईल.

सुरुवातीच्या आठवड्यांत मी भेटेल त्याला सांगत होतो की डोळे झाकून करून घ्या. मग ताशी ५५ ते ६५ मध्ये एक गुणगुण सुरू झाली. स्टिअरिंग हलत नव्हतं, पण आतल्या आरशातलं दृश्य अस्पष्ट व्हायचं, सीटखालून दबका घुमार यायचा आणि अर्ध्या तासात डोकं जड. नेमका आपण जास्तीत जास्त वेळ ज्या वेगात असतो, तोच हा पट्टा. तेव्हा मी 'करू नका' म्हणायला लागलो होतो.

गॅरेजचं उत्तर ठरलेलं: चाकांचं बॅलन्सिंग. ते केलं, फरक शून्य. मग शाफ्टचं बॅलन्सिंग, त्याचे पैसे वेगळे. पुन्हा तेच, पुन्हा पैसे. शेवटी 'जुन्या गाडीत एवढं चालायचंच' असं ऐकवलं. याचा मला मनस्वी राग आला. चालायचंच असतं तर जुन्या इंजिनवरही गुणगुण असती, ती नव्हती.

बोलण्यापेक्षा हिशेब करावा. ताशी ६० ला पद्मिनीचं चाक सेकंदाला साधारण नऊ फेरे घेतं. शाफ्ट त्याच्या चौपटीहून थोडा जास्त, म्हणजे चाळीसच्या आसपास. चाक बिघडलं असेल तर सेकंदाला नऊ धक्के, ते हाताला मोजता येतील इतके सावकाश लागतात. शाफ्टचं वजन एका बाजूला असेल तर चाळीस. आणि क्रॉसचा कोन चुकला असेल तर शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन धक्के, म्हणजे ऐंशी. मोबाइलवर कंपन मोजणारं अॅप मिळतं, फोन सीटखालच्या पत्र्यावर ठेवून बघितला. सगळ्यात उंच रेघ ऐंशीच्या जवळ. बॅलन्सिंगने हे जाणारच नव्हतं.

कारण असं. क्रॉस वाकड्या कोनात फिरतो तेव्हा पुढची बाजू एकसारख्या वेगाने फिरत असली तरी मागची प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पळते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन जितका मोठा, तितकं हे जास्त. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस त्यासाठीच असतो, तो पहिल्याची चूक उलट फिरवून मिटवतो. पण त्यासाठी दोन्हीकडचे कोन सारखे लागतात आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुफाटे भाग) एका रेषेत लागतात. नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा वेगळ्या लांबीचा, वेगळ्या उंचीवर बसलेला. मी शाफ्ट एकसंध नवीन बनवून घेतला होता. पुढचा कोन बदलला, मागच्या एक्सलमधलं डिफरन्शियल होतं तिथेच राहिलं. मोजलं तेव्हा पुढे चार अंश आणि मागे सात निघाले.

आणि गॅरेजला हे का सापडलं नाही, तर त्यांनी गाडी लिफ्टवर घेऊन बघितलं. लिफ्टवर मागचा एक्सल पाट्यांवरून (लीफ स्प्रिंगवरून) लोंबतो आणि कोन पार बदलतो. मोजायचं ते चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पाट्यांवर असताना. मी गाडी सर्व्हिस पिटवर घेतली, खाली उतरलो आणि गिअरबॉक्सचं फ्लँज, शाफ्टची नळी, पिनियनचं (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या दांड्याचं) फ्लँज या तिन्हींवर डिजिटल अँगल गेज लावला. पाच मिनिटांचं काम आहे. एवढ्या बिलांमध्ये हे पाच मिनिटांचं काम कोणी केलेलं नव्हतं.

उपाय म्हणजे पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये दोन अंशांची लोखंडी पाचर, दोन्ही बाजूंना सारखी. माझ्या एक्सलच्या बैठकीला ती एका टोकाला जेमतेम साडेचार मिलिमीटर जास्त जाड होती. लेथवर करून घेतली, एका बॅलन्सिंगपेक्षा कमी पैशांत. मागचा कोन सातावरून पाचावर आला. पुरता चारावर आणलेला नाही, कारण जोर लावला की पाट्यांच्या गाडीत पिनियनचं नाक आणखी थोडं वर उचललं जातं. पाचर उलटी बसली तर दोष वाढतो, आणि पाटा एक्सलच्या वर आहे की खाली यावर दिशा ठरते, म्हणून बसवल्यावर पुन्हा मोजाच. शाफ्ट सोडण्याआधी सरकत्या स्प्लाइनवर (शाफ्टच्या दातेरी जोडावर) रंगाची खूण करा. एक दात इकडेतिकडे बसला तरी योकची रेषा बिघडते आणि सगळं काम पाण्यात.

गुणगुण गेली. ताशी ६० ला आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो. क्रॉस दोन्ही बदलले, या वेळी ग्रीस निपल असलेले घेतले. त्यामुळे मत पुन्हा बदललं आहे: करून घ्या, पण कोन मोजून देणाऱ्याकडूनच, आणि पुढचा-मागचा कोन बिलावर लिहून मागा.

बाकीचं थोडक्यात. स्पीडोमीटर खोटं बोलतो, केबलला वेगळ्या दातांचं गिअर लागेल. अॅव्हरेजमध्ये फार फरक नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, ते इंजिन न बदलताही कराच. चारही ड्रम ब्रेकच आहेत, त्यामुळे वाढलेला वेग सरळ रस्त्यावर वापरायचा मोह टाळतो.

कागद आधी करा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी घेऊन नवा इंजिन नंबर आरसी बुकात चढवावा लागतो, विमा कंपनीलाही कळवावं लागतं. दात्या गाडीचं बिल आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात असल्याशिवाय इंजिनला हात लावू नका. आणखी एक गोष्ट विचारात घ्या. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो. इंजिनमध्ये मोठा बदल केला की तो हक्क जातो. माझी गाडी २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, आणि मला गाडी रोज हवी आहे. तरीही मूळ इंजिन आणि गिअरबॉक्स तेल लावून जपून ठेवलाय, विकणार नाही.

पाचर बसवल्यावर पाट्याचे यू-बोल्ट शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. माझे डावीकडचे सैल निघाले.