अ‍ॅम्बेसेडरचा मागचा अ‍ॅक्सल: नवा भाग, भंगारातला, की आपलाच दुरुस्त करायचा?

अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये उत्तरपाड्याला थांबलं. बेअरिंग आणि ऑइल सील आजही जळगाव-धुळ्यात नंबर सांगून मिळू शकतात. क्राऊन-पिनियन (इंजिनाची फिरकी चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी) किंवा एक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) मात्र सहसा बाहेरगावाहूनच मागवावा लागतो, म्हणून आधी नेमकं काय गेलंय ते ठरवा. ओढताना किंवा एक्सिलरेटर सोडताना हुंकारासारखा आवाज येत असेल तर संशय क्राऊन-पिनियनवर घ्या. वळणावर आवाज बदलत असेल तर चाकाच्या बेअरिंगवर. गिअर टाकताना 'टक्' होत असेल तर अ‍ॅक्सल उघडण्याआधी प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, हलवून पाहा.

क्राऊन-पिनियनच्या बाबतीत आमचं मत पक्कं आहे: नवा नकली सेट घेण्यापेक्षा भंगारातला अख्खा डिफरन्शियल (क्राऊन-पिनियन ज्यात बसते तो संच) बरा. ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते. दोघांवर जोडीचा नंबर कोरलेला असेल तर तो सारखाच हवा. एका गाडीचं पिनियन आणि दुसरीचा क्राऊन बसतो, पण आवाज करतो आणि लवकर खराब होतो. अख्खा डिफरन्शियल घेतला की शिमही (जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) त्याच जुळणीच्या मिळतात. नवा सेट टाकला तर पिनियनची खोली शिमांनी बसवावी लागते. दातांमधला प्ले (ढिलेपणा) क्राऊनवर लिहिलेला असेल तर तोच धरा, नसेल तर साधारण ०.१३ ते ०.१८ मिमी. शेंदूर तेलात कालवून दातांना लावा आणि फिरवा. ठसा दाताच्या मध्यावर उमटला पाहिजे. टोकाला किंवा मुळाशी उमटला तर शिम बदला. हे काम डायल गेज (बारीक ढिलेपणा मोजणारं घड्याळी माप) नसलेल्या फिटरकडे देऊ नका.

जुना माल घेताना दात मोजा. क्राऊनचे ३९ आणि पिनियनचे ८ असतील तर रेशो ४.८७५; ४१ आणि ९ असतील तर ४.५५६. आपल्यापेक्षा वेगळा रेशो आला तर स्पीडोमीटर चुकतो. दातांवर खड्डे किंवा निळसर डाग दिसले तर परत करा: निळा डाग म्हणजे तेलाविना तापलेला माल. असा माल पाहायला मुंबईचं कुर्ला किंवा कोलकात्याचा मल्लिक बाजार बरा. कोलकात्याचा माल हावडा-मुंबई मार्गावरच्या भुसावळला रेल्वे पार्सलने उतरवता येतो. पाठवण्याआधी दात, नंबर आणि स्प्लाइनचे (शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचे) फोटो मागवा.

शाफ्टचं गणित उलट आहे. इथे चांगला नवा शाफ्ट जुन्यापेक्षा श्रेयस्कर, कारण वापरलेला शाफ्ट आतून थकलेला असतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. स्प्लाइनच्या रेषा सरळ नसतील, किंचित पीळ दिसला, तरी तो शाफ्ट नको. नवा घेताना दोन्ही बाजूंची लांबी आणि स्प्लाइनची संख्या जुन्याशी ताडून पाहा, मग कोपऱ्यात बारीक कानस फिरवा. धातू सहज कापला गेला तर तो कडक केलेलाच नाही. तुटलेला शाफ्ट वेल्डिंग करून वापरू नका. वेल्डच्या शेजारचा पट्टा ठिसूळ होतो आणि शाफ्ट पुन्हा तिथेच तुटतो.

आपलाच अ‍ॅक्सल दुरुस्त करणं फायद्याचं कधी? हाऊसिंग (बाहेरचं कवच) सरळ आहे आणि फक्त बेअरिंग-सील गेलंय तेव्हा. सीलच्या जागी शाफ्टवर किंवा हबवर खाच पडली असेल तर नवं सीलही गळतं. सील दोन मिमी आत बसवा किंवा लेथवर पातळ स्लीव्ह चढवून घ्या. जवळपासच्या मापाचं बेअरिंग पत्रा लावून बसवू नका. आणि हाऊसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) उघडून साफ करा. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीने तो बुजतो, आतली हवा तापून फुगते आणि तेल सीलवाटे ब्रेक लायनरवर येतं. दोनदा सील बदलूनही गळत असेल तर बऱ्याचदा कारण हेच असतं.

शेवटी हायपॉइड ई.पी. ९० हे जाड गिअर तेल घाला, सव्वा लिटरच्या आसपास. गाडी सपाट जागी उभी करून भरायच्या भोकातून तेल बाहेर यायला लागेपर्यंतच. क्राऊन-पिनियन बदललं असेल तर पहिले पाचशे किलोमीटर ओझं न ओढता चालवा, मग ते तेल काढून नवं भरा.