क्रिस्प कोर्स: पोस्ट-ऑप वॉर्डची पहिली नाइट लागण्याआधी कराच

एम.एस. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून केलं, आता इंग्लंडमध्ये सर्जिकल रजिस्ट्रार आहे. तिकडून इकडे येणारी मुलं-मुली हमखास विचारतात, "ताई, क्रिस्पची फी वसूल होते का?" होते. पुरेपूर होते.

क्रिस्प म्हणजे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स ऑफ इंग्लंडचा 'केअर ऑफ द क्रिटिकली इल सर्जिकल पेशंट' हा दोन दिवसांचा कोर्स. ऑपरेशन झालेला पेशंट वॉर्डात खालावू लागला, तर आधी काय बघायचं आणि कुणाला कधी बोलवायचं, हे इथे शिकवतात. मॅन्युअल वाचूनच जा.

खरी ताकद आहे सिम्युलेशनमध्ये. आमच्या गटाला मिळाला हेमिकोलेक्टमीनंतर (मोठ्या आतड्याचा एका बाजूचा भाग काढायचं ऑपरेशन) पाचव्या दिवसाचा पेशंट. पल्स १२८ आणि अनियमित, श्वास मिनिटाला २६, बीपी १०४, ताप ३८.२, ऑक्सिजन ९४. पोट फारसं दुखत नव्हतं. ईसीजीवर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची अनियमित लय, दिसलं आणि गटातला एक जण लगेच पल्स कमी करायच्या औषधाकडे वळला. प्रशिक्षकांनी एवढंच विचारलं, "हे आजच का सुरू झालं?" सगळे गप्प. आतड्याची जोडणी लीक होऊ लागली की कधी कधी पोट बोलायच्या आधी हृदयाची लय बिघडते. वाचलेलं सगळ्यांनी होतं, पण ते पेशंटसमोर उभं राहून आठवायला हवं ना!

त्यासाठीच त्यांचा तीन टप्प्यांचा क्रम घोटून घेतात. आधी एअरवे, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, मग पांघरूण काढून अख्खा पेशंट. जे बिघडलंय त्यावर तिथल्या तिथे उपचार. मग चार्ट, ड्रेन, युरिन, रिपोर्ट. शेवटी निर्णय: पेशंट स्थिर आहे का? असेल तर आजचा प्लॅन लिहा. नसेल तर कारण शोधा आणि सीनियरला उठवा.

फोन कसा करायचा याचाही सराव असतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. "सर, पेशंट जरा बरा वाटत नाहीये" हे ऐकून रात्री दोनला कोण उठणार? "हेमिकोलेक्टमी, पाचवा दिवस, न्यूज स्कोअर ८, लीकची शंका आहे, तुम्ही येऊन बघा" म्हटलं की समोरचा बूट घालायला लागतो. न्यूज म्हणजे पल्स, श्वास, बीपी, ताप, ऑक्सिजन, शुद्ध यांवरून काढलेला धोक्याचा आकडा. इथे स्कोअर ७ किंवा त्याहून जास्त झाला की तातडीने टीम यायला हवी, असा संकेतच आहे.

आपल्याकडे एकेका सिस्टरच्या अंगावर अख्खा वॉर्ड असतो, एचडीयूचा (आयसीयूच्या खालोखाल देखरेख असलेल्या वॉर्डाचा) बेड मिळेलच असं नाही. तरी श्वास मोजायला घड्याळ पुरतं, आणि तोच आकडा केस पेपरवर सगळ्यात जास्त वेळा अंदाजाने लिहिला जातो.

आयसीयूत बराच काळ काढलेल्यांना यात नवं कमी सापडेल. बाकीच्यांनी पहिल्या सर्जिकल पोस्टच्या तोंडावर करावा. फी खिशाला जड आहे, त्यामुळे ट्रेनिंग पोस्टवर असाल तर स्टडी बजेटमधून मिळते का ते बुकिंगआधी विचारून घ्या.