अमली पदार्थांचे पोलिसी टेस्ट किट : कुवतीपेक्षा भार जास्त

विमानतळावर, नाकाबंदीत किंवा छाप्यात पावडर सापडली की पंचनाम्यात एक वाक्य हमखास येते: फील्ड टेस्ट किटने तपासणी केली असता सदर पदार्थ अमुक असल्याचे दिसून आले. अटक, कोठडी आणि बऱ्याचदा जामिनाचा नकार हे सगळे सुरुवातीला या एका वाक्यावर उभे असते. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा योग्य की अयोग्य, पोलीस अतिरेक करतात की नाही, हा वाद आपल्याकडे नेहमी चालतो. ज्या पेटीपासून ही साखळी सुरू होते, तिच्याकडे मात्र फारसे कोणी बघत नाही.

पेटीत रसायनांच्या छोट्या बाटल्या, प्लास्टिकच्या नळ्या किंवा पांढरी खळग्यांची प्लेट, चमचा आणि रंगांचा तक्ता असतो. नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो राज्यांच्या यंत्रणांना अशी किट पुरवतो. नेहमीच्या पदार्थांचे वेगळे, केटामाइन या भूल देणाऱ्या औषधाचे वेगळे आणि प्रिकर्सर, म्हणजे अमली पदार्थ बनवायला लागणाऱ्या रसायनांचे वेगळे. शिकायला अर्धा दिवस पुरतो आणि निकाल मिनिटभरात येतो. किटची खरी ताकद इथेच आहे. काउंटरवर उभ्या प्रवाशाला सोडायचे की थांबवायचे, हे ठरवायला प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट बघता येत नाही. रंग न आल्यामुळे जागच्या जागी सुटणारेही असतात, हे टीकाकारांनी विसरू नये.

आता एकेक चाचणी. अफू गटासाठी मार्क्विस चाचणी. टाचणीच्या डोक्याएवढा नमुना, त्यावर फॉर्मल्डिहाइड आणि अॅसेटिक अॅसिडच्या मिश्रणाचा एक थेंब, मग तीव्र सल्फ्युरिक अॅसिडचे दोन-तीन थेंब. हेरॉइन किंवा मॉर्फिनला जांभळा, मेथअँफेटामाइनला नारिंगीवरून तपकिरी, एमडीएमएला, म्हणजे एक्स्टसीला, जवळजवळ काळा रंग येतो. पण अॅस्पिरिनही यात गुलाबी ते लालसर होते आणि साखर तपकिरी पडते. रंग पहिल्या काही सेकंदांत वाचायचा असतो. पाच मिनिटांनी पंचांना दाखवलेला रंग अॅसिडने नमुना जाळल्याचाही असू शकतो. सगळ्यात मोठी उणीव महाराष्ट्राला भोवणारी आहे: एमडी, म्हणजे मेफेड्रोन, मार्क्विसला जवळजवळ दिसतच नाही. त्यासाठी लिबरमन ही वेगळी चाचणी लागते, त्यात पिवळा रंग येतो. मेफेड्रोन 2015 मध्ये कायद्याच्या यादीत आले, त्यामुळे जुन्या धर्तीचे किट हाती असेल तर बाटल्यांची यादी आधी तपासावी.

कोकेनची स्कॉट चाचणी तीन पायऱ्यांची आहे आणि घोळ बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरच थांबल्याने होतो. कोबाल्ट थायोसायनेटने निळा रंग आला, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. लिडोकेन हे भूल देणारे साधे औषध आणि डायफेनहायड्रामिन हे अॅलर्जीवरचे औषध, दोन्हींना कोबाल्टचा निळा चढतो. म्हणून पुढे हायड्रोक्लोरिक अॅसिडचा थेंब टाकून निळा जाऊन गुलाबी होतो का पाहायचे, मग क्लोरोफॉर्म घालून हलवायचे. तळाचा थर निळा झाला तर कोकेनचा संशय बळावतो. नमुना जास्त घेतला की अॅसिड टाकूनही निळा हटत नाही आणि सगळी चाचणी वाया जाते. ‘थोडे जास्त घेऊ, रंग नीट दिसेल’ ही सवय इथे उलटते.

गांजाच्या ड्युकेनॉय-लेव्हिन चाचणीतही शेवटची पायरी क्लोरोफॉर्मची. जांभळा रंग खालच्या थरात उतरला तरच निकाल धरायचा. पण रसायन बरोबर असूनही कायद्याचे उत्तर चुकू शकते, ते याच चाचणीत. एनडीपीएसच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया वगळल्या आहेत. किटला पान आणि शेंडा यातला फरक कळत नाही, दोन्ही जांभळेच होतात. तो फरक डोळ्यांनी बघून पंचनाम्यात लिहायचा असतो. गोणीत काय काय होते याचे वर्णन नसेल, तर 20 किलोच्या, म्हणजे गांजाच्या व्यावसायिक मात्रेच्या, वरचा आकडा नेमका कशाचा, हा प्रश्न बचाव पक्ष विचारणारच.

वापरातल्या बारीकसारीक चुका बऱ्याच आहेत. मुदत संपलेली रसायने, उन्हात तापलेली गाडी, पिवळ्या दिव्याखाली वाचलेला रंग, न पुसलेला चमचा. आधी नुसत्या रसायनाची कोरी चाचणी घ्यावी, जमल्यास माहीत असलेल्या नमुन्याची, आणि मगच संशयित पदार्थाची. पंचनाम्यात किटचा बॅच क्रमांक, मुदत, कोणत्या बाटल्या वापरल्या आणि प्रत्येक पायरीचा रंग लिहावा. नुसते ‘पॉझिटिव्ह’ लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. हातमोजे आणि चष्मा हवाच. सल्फ्युरिक अॅसिड असलेल्या पेटीत सोड्याची पुडी नसेल तर एक गुण तिथेच कापा.

इथवर ही स्वस्त, उपयोगी चाळणी आहे. पण कायदा हिच्याकडून तराजूचेही काम काढतो. जप्तीच्या ठरलेल्या पद्धतीनुसार आकार, वजन, खुणा सारख्या असलेल्या आणि किटवर सारखाच रंग देणाऱ्या पुड्यांचे दहा-दहाचे गट करता येतात. गांजा आणि चरसासाठी चाळीस-चाळीसचे. मग नमुना पुडीगणिक नाही, गटागणिक निघतो. सारख्या रंगाला सारखा पदार्थ मानायचे, तर नऊ पुड्यांतल्या लिडोकेनचे आणि दहाव्यातल्या कोकेनचे वजन एकत्र मोजले जाण्याचा धोका राहतो. भर म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या हिरा सिंग निकालानंतर मिश्रणातला भेसळीचा भागही वजनात धरला जातो. मेफेड्रोनची व्यावसायिक मात्रा 50 ग्रॅमच्या वर सुरू होते. 60 ग्रॅम पुडीत 10 ग्रॅम एमडी आणि बाकी भेसळ असली तरी किमान दहा वर्षांची शिक्षा समोर असते. किटला टक्केवारी सांगता येत नाही आणि कायद्याला ती विचारायची गरज वाटत नाही.

व्यावसायिक मात्रा म्हटली की कलम 37 लागते: आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण आहे, असे न्यायालयाला पटल्याशिवाय जामीन नाही. दोषारोपपत्रासाठी 180 दिवस मिळतात, ते वर्षापर्यंत वाढू शकतात. जप्ती आणि नमुन्यांबाबतच्या 2022 च्या नियमांत प्रयोगशाळेने 15 दिवसांत अहवाल द्यावा असे आहे. तो लांबला की मधल्या काळात पदार्थ काय आहे, याचे एकमेव उत्तर त्या रंगातच असते. 2022 मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने एका नायजेरियन नागरिकाला जामीन देताना दोन लाखांची भरपाई द्यायला सांगितले. तो जवळपास दोन वर्षे आत होता. कोकेन आणि एक्स्टसी म्हणून जप्त केलेल्या मालात न्यायसहायक प्रयोगशाळेला लिडोकेन, टॅपेन्टाडॉल आणि कॅफिन सापडले होते. अमेरिकेत ह्यूस्टनच्या पोलिसांनी 2017 मध्ये रस्त्यावरच्या रंगचाचण्या बंदच केल्या. कारण फेंटॅनिल या अतितीव्र वेदनाशामकाच्या धोक्याचे दिले, पण त्याआधी त्या काउंटीत, प्रयोगशाळेत अमली पदार्थ न सापडलेल्या लोकांच्या शंभराहून अधिक शिक्षा रद्द झाल्या होत्या. त्यातल्या बहुतेकांनी रंग पाहूनच गुन्हा कबूल केला होता.

एमडीचे कारखाने बंद पडावेत, गर्द विकणारा आत जावा, यावर आमचा आक्षेप नाही. सेवन करणाऱ्याने स्वतःहून उपचार मागितले तर कलम 64-अ त्याला खटल्यापासून वाट देते, तेही बरे आहे. खटकते ते एवढेच: ज्या कायद्यात जामीन इतका आवळलेला आहे, त्यात पहिला पुरावाही तितकाच पक्का हवा. अहवाल 15 दिवसांत आला नाही तर कलम 37 ची अट आपोआप सैल झाली पाहिजे. तसे होत नाही तोवर या अंमलबजावणीला न्याय्य म्हणणे आम्हाला जड जाते.

पर्याय म्हणून हातात धरायचे रामन यंत्र येते, जे लेझरच्या प्रकाशाने पदार्थ ओळखते. ते पिशवी न फोडता वाचते, नमुना खर्च होत नाही आणि निकालाची नोंद आपोआप राहते. पण तपकिरी हेरॉइनसारखा गडद पदार्थ लेझरखाली इतका चमकतो की खूण बुडून जाते, आणि मिश्रणातला थोडा अंश निसटतो. किंमतही प्रत्येक ठाण्याला झेपणारी नाही. जिल्ह्याला एक यंत्र आणि ठाण्याला किट, हा मेळ तूर्त व्यवहार्य.

चाळणी म्हणून किटला पाचपैकी साडेतीन. तुरुंगात ठेवण्याचा आधार म्हणून एक. खरेदी करणाऱ्या कार्यालयाने निविदेत मेफेड्रोनची चाचणी, स्कॉटच्या तिन्ही पायऱ्या, कोऱ्या चाचणीसाठी जादा नळ्या आणि मराठीत छापलेला रंगांचा तक्ता मागावा.